भुवया सुरेख येतात, मग परीक्षेत अडतं कुठे? परमनंट मेकअप लायसन्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणींनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली, की हात बसलाय, क्लायंट खूश आहेत, पण लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. मी इथे अमेरिकेत ओरेगन राज्यात परमनंट मेकअपचं, म्हणजे सुईने कातडीत रंग भरून भुवया, आयलायनर, ओठ करायचं काम करते आणि नवीन मुलींना परीक्षेसाठी तयार करते, म्हणून निवडक प्रश्न घेऊन बसलेय. आधीच सांगते, या परीक्षेत तुमची भुवई किती सुंदर येते याला फार थोडं महत्त्व आहे. तुम्ही दुसऱ्याची कातडी भेदताय आणि तिथे रक्त येतं, ही गोष्ट तुम्हाला किती कळलीय हेच ते पुन्हा पुन्हा तपासतात.

ताई, पुण्यात माझं अकरा वर्षं पार्लर होतं, थ्रेडिंगपासून ब्रायडलपर्यंत सगळं केलंय, मायक्रोब्लेडिंगचा (बारीक पात्याने भुवईत केसांसारख्या रेघा भरायचा) पाच दिवसांचा कोर्सही झालाय. आता मिस्टरांच्या नोकरीमुळे ओरेगनमधल्या बीव्हरटनला आलेय. थेट परीक्षेला बसता येईल का?

थेट नाही बसता येणार, आणि हे आधी कळलेलं बरं, कारण मी पैसे भरून बसलेल्या आणि मग रडलेल्या मैत्रिणी पाहिल्यात. ओरेगनमध्ये आयब्रो, आयलायनर, लिप कलर, मायक्रोब्लेडिंग हे सगळं टॅटूमध्येच धरतात, त्यामुळे लायसन्स टॅटूचं लागतं, कॉस्मेटॉलॉजीचं, म्हणजे पार्लरच्या कामाचं लायसन्स असलं तरी ते इथे चालत नाही. त्यासाठी ३६० तासांचं शिक्षण लागतं, २१० तास थिअरी आणि १५० तास प्रॅक्टिकल, त्यात ५० प्रोसिजर पूर्ण केलेल्या हव्यात, आणि मग परीक्षा. तुमच्या पाच दिवसांच्या कोर्सचं काय करायचं ते राज्याच्या हेल्थ लायसन्सिंग ऑफिसला ईमेल करून लेखी विचारा. फोनवर कुणी काय सांगितलं याचा पुरावा राहत नाही.

आणि बहिणीने कॅलिफोर्नियात असं केलं, वहिनीने टेक्ससमध्ये तसं केलं, यावर अजिबात जाऊ नका. कॅलिफोर्नियात सेफ बॉडी आर्ट अ‍ॅक्ट आहे, १ जुलै २०१२ पासून लागू झालेला, तिथे काम करणाऱ्याला काउंटीकडे (आपल्या जिल्ह्यासारखं) रजिस्ट्रेशन करावं लागतं आणि ब्लडबॉर्न पॅथोजेनचं, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या जंतूंबद्दलचं ट्रेनिंग दरवर्षी घ्यावं लागतं. टेक्ससमध्ये राज्य लायसन्स देतं ते स्टुडिओला. म्हणजे एकाच कामाला तीन राज्यांत तीन तऱ्हा. सोसायटी ऑफ पर्मनंट कॉस्मेटिक प्रोफेशनल्ससारख्या संस्थांची सर्टिफिकेशन परीक्षा असते ती चांगलीच आहे, पण सर्टिफिकेट म्हणजे लायसन्स नव्हे, हा घोळ फार जणींचा होतो.

क्लीनिंग, डिसइन्फेक्शन, स्टरिलायझेशन हे तिन्ही मला एकच वाटतात आणि मॉक टेस्टमध्ये दर वेळी तिथेच मार्क जातात. काही सोपी युक्ती आहे का?

आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कढई घासून तिचा चिकटपणा काढलात, ते क्लीनिंग. जंतू मेलेत असं अजून नाही म्हणता येणार, फक्त घाण गेली. पण हे आधी केल्याशिवाय पुढचं काहीच उपयोगाचं नाही, कारण रक्ताचा किंवा तेलाचा थर असला की त्याखाली औषध पोचतच नाही, परीक्षेत क्रम विचारतात तेव्हा पहिलं उत्तर नेहमी क्लीनिंगच.

डिसइन्फेक्शन म्हणजे औषध लावून बहुतेक जंतू मारणं. खुर्ची, टेबल, दिव्याची दांडी, मशीनची वायर यांच्यासाठी. इथे एक गोष्ट लाल पेनने लिहून ठेवा, कॉन्टॅक्ट टाइम. बाटलीवर समजा तीन मिनिटं लिहिलीत तर पृष्ठभाग तीन मिनिटं *ओला* राहायला हवा, आपण स्प्रे मारतो आणि लगेच टिश्यूने पुसतो, हाताला सवयच असते तशी, आणि त्यात जंतू मेले याची काही खात्री नाही. मी स्वतः सुरुवातीला कितीतरी महिने हेच करत होते, शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस घड्याळ समोर ठेवून मला तीन मिनिटं नुसतं टेबलाकडे बघत उभं केलं. तेव्हा कळलं की तीन मिनिटं किती लांब असतात, आणि टेबलाची एक कड दीड मिनिटातच वाळलेली दिसली, परत स्प्रे मारायला लागला.

स्टरिलायझेशन म्हणजे सगळंच मारणं, स्पोअरसकट. स्पोअर म्हणजे काही बॅक्टेरिया कवच घालून झोपतात ना, ते. त्यासाठी ऑटोक्लेव्ह, आणि ऑटोक्लेव्हचं तत्त्व म्हणजे आपला कुकर! उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीला उकळतं आणि तिथेच थांबतं, कुकरमध्ये दाब वाढला की पाण्याचं तापमान त्याच्याही वर चढतं. ऑटोक्लेव्हचा नेहमीचा आकडा १२१ डिग्री सेल्सिअस, म्हणजे २५० फॅरनहाइट, दाब १५ पीएसआय. म्हणून तर डाळ पातेल्यात तासभर लागते आणि कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत होते. (घरचा कुकर वापरू का असं मला खरंच एकीने विचारलं होतं. नाही, बिलकूल नाही, आतली हवा पूर्ण गेलीय का, वाफ प्रत्येक वस्तूपर्यंत पोचलीय का, हे तिथे तपासता येत नाही.)

याच्यावरचा ठरलेला प्रश्न असा असतो: ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलेल्या वस्तूच्या पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला, म्हणजे वस्तू स्टराइल झाली का? उत्तर, नाही. पट्टी एवढंच सांगते की पाऊचला उष्णता लागली. जंतू खरंच मेले का हे कळतं स्पोअर टेस्टने, त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा फार चिवट बॅक्टेरिया वापरतात, तो मेला तर बाकीचेही मेले असं धरायचं. नाव जड आहे, दहा वेळा मोठ्याने म्हणा, बसेल. आणि डिस्पोजेबल सुया वापरत असाल तरी पाऊच फाटलेलं नाही ना, एक्स्पायरी कधीची आहे हे बघणं आणि लॉट नंबर क्लायंटच्या फॉर्मवर लिहिणं सुटत नाही.

काम करताना सुई स्वतःच्या बोटात घुसली तर काय, याच्यावर हमखास प्रश्न येतो म्हणे. आणि हिपॅटायटिसची लस खरंच घ्यायलाच हवी का?

येतो, आणि यायलाच हवा. क्रम असा: काम थांबवा, ग्लोव्ह काढा, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, मग रिपोर्ट करा आणि लगेच डॉक्टर गाठा. बोट दाबून रक्त काढत बसायचं नाही, ब्लीच ओतायचं नाही. डॉक्टर लगेच का, तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जेवढ्या लवकर तेवढी बरी आणि ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. वापरलेल्या सुईवर टोपण परत लावायचं नाही, तिथेच खूपदा टोचतं. शार्प्स कंटेनर (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) काठोकाठ भरायचा नाही, तीन चतुर्थांश झाला की बंद.

तीन नावं पाठ हवीत: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही. लस आहे ती फक्त बी ला. आणि बी चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात निदान सात दिवस तग धरतो, म्हणजे परवाच्या क्लायंटचा न दिसणारा थेंब आजच्या क्लायंटला भोवू शकतो. मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण लहानपणी एका पार्लरमध्ये कान टोचताना ती बाई कशाने काय पुसत होती ते डोळ्यासमोर उभं राहिलं. ओशाचं (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी अमेरिकेची सरकारी संस्था) ब्लडबॉर्न पॅथोजेन स्टँडर्ड १९९१ चं आहे, त्यात मालकाने कर्मचाऱ्याला ही लस फुकट देऊ करायची असते, कामाला लागल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत, हा आकडाही विचारतात.

लस घ्याच. तीन डोसांचं नेहमीचं वेळापत्रक ०, १ आणि ६ महिने, म्हणजे पूर्ण व्हायला अर्धं वर्ष जातं, त्यामुळे कोर्सला नाव घालायच्या आधी पहिला डोस घ्या. आपल्या वयाच्या बायकांना भारतात जन्मतः ही लस सरसकट मिळत नव्हती, "मला लहानपणी सगळ्या लसी दिल्यात" हे गृहीत धरू नका.

कलर थिअरी डोक्यावरून जाते. लाल झालेल्या भुवईवर हिरवा आणि निळसर झालेल्यावर नारिंगी का?

पांढरे कपडे पिवळट पडले की आई काय करायची? नीळ घालायची, किंवा उजाला. उजालाचा थेंब पाण्यात पडताना आठवा, जांभळट निळा. पिवळ्याच्या समोरचा रंग जांभळा, तो थोडासा मिसळला की पिवळेपणा डोळ्याला दिसेनासा होतो. झाली तुमची कलर थिअरी! कलर व्हीलवर जे समोरासमोर ते एकमेकांना मारतात: लाल–हिरवा, निळा–नारिंगी, पिवळा–जांभळा. म्हणून लालसर भुवईला ऑलिव्ह, निळसर राखाडीला नारिंगी, जांभळट ओठाला किंवा भुवईला पिवळ्याकडे झुकणारा. आणि नीळ जास्त पडली तर कपड्यांचं काय व्हायचं तेही आठवा, करेक्शनमध्ये हात आखडताच हवा.

आता ती भुवई मुळात निळी का होते हे नीट समजून घ्या, कारण याच्यावर दोन-तीन प्रश्न तरी निघतात. माझ्या आजीच्या हातावर गोंदण होतं, मनगटाच्या वर तुळशीवृंदावन आणि हनुवटीवर तीन ठिपके. आपण त्याला हिरवं गोंदण म्हणतो, पण गोंदणारणीने घातली होती काळी काजळी. मी लहानपणी बोट फिरवून बघायचे, कडा पसरलेल्या, रेघ कुठे संपते ते कळायचं नाही, आणि रंग हिरवट निळा. काळा कार्बन कातडीत खोल गेला की त्याच्यावरचा कातडीचा थर निळा प्रकाश जास्त परत फेकतो, लाल प्रकाश आत जाऊन शोषला जातो, म्हणून काळं आपल्याला निळं दिसतं. आजीच्या हातावर ते शोभत होतं, ते तिचं सौभाग्य होतं. पण तीच निळाई भुवईवर आली तर बाई आरशात बघायची बंद होते.

म्हणून खोली. एपिडर्मिस, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा थर, सतत गळत असतो, तिथे ठेवलेला रंग काही आठवड्यांत जातो. रंग हवा त्याखालच्या थराच्या, डर्मिसच्या वरच्या भागात, पॅपिलरी डर्मिसमध्ये. त्याच्याखाली रेटिक्युलर डर्मिसमध्ये गेलात की रंग पसरतो, राखाडी-निळा होतो, खुणा राहू शकतात. पापणीची कातडी शरीरात सर्वात पातळ, तिथे भुवईसारखा दाब दिला तर झालंच. रंग टिकतो कसा याचंही उत्तर आता बरंच कळलंय, शरीरातल्या मॅक्रोफेज पेशी रंग गिळून बसतात आणि त्या मेल्या की नव्या पेशी तोच रंग परत गिळतात, फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर हे दाखवलं.

एक फसवा शब्द: पिगमेंटच्या बाबतीत "ऑरगॅनिक" म्हणजे नैसर्गिक नव्हे, तर कार्बनवर आधारलेलं रसायन. आयर्न ऑक्साइड हे इनऑरगॅनिक, तेच काळ गेला की लालसर होतात.

फिट्झपॅट्रिक स्केलमध्ये, म्हणजे कातडीच्या एक ते सहा प्रकारांत, आपण कितवे?

बहुतेक भारतीय चार आणि पाचमध्ये, काही तीनमध्ये, काही सहामध्ये. पण लक्षात घ्या, १९७५ मध्ये हे स्केल निघालं ते ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते यावरून, नुसता गोरा-सावळा बघून नंबर द्यायचा नसतो. आपल्या कातडीला जखम झाली की काळा डाग राहायची शक्यता जास्त, म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा हात चालवायचा नाही.

सासूबाईंच्या मैत्रिणीला भुवया करायच्यात, त्या रक्त पातळ करायची गोळी घेतात. दोन दिवस गोळी बंद करा असं सांगितलं तर चालेल ना?

नाही हो, अजिबात नाही!! परीक्षेत हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो आणि निम्म्या जणी त्याच्यावरच खूण करतात. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हे डॉक्टरचं काम, आपलं काम एवढंच की त्यांना डॉक्टरांकडून लेखी परवानगी आणायला सांगायची, आणि नाही मिळाली तर हात जोडून नाही म्हणायचं. मावशी रागावतील, सासूबाईही दोन दिवस गप्प राहतील, चालेल. त्या गोळीवर कुणाचं हृदय, कुणाचा मेंदू सांभाळला जात असतो.

हाच न्याय बाकी ठिकाणी. ओठांचं काम असेल आणि ओठांवर पूर्वी कधी हर्पिसचे फोड आलेले असतील तर सुईने ते पुन्हा उफाळू शकतात, औषध डॉक्टर देतील, आपण नाही. गरोदर, केलॉइडची (जखमेचा व्रण जाड, उंच वाढायची) प्रवृत्ती, ताब्यात नसलेली शुगर, आयसोट्रेटिनॉइन (मुरुमांचं औषध) नुकतंच घेतलेलं, केमो चालू, हे सगळे थांबण्याचे सिग्नल. बधिर करायच्या क्रीमबद्दलही विचारतात: प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणाऱ्या क्रीममध्ये लिडोकेन ४ टक्क्यांपेक्षा जास्त नको असं एफडीए (औषधांवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) सांगतं, मार्च २०२४ मध्ये त्यांनी जास्त टक्क्यांच्या क्रीमबद्दल जाहीर इशारा दिला, फार लावलं तर फिट येऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ट्यूब म्हणून घेऊ नका.

मी नाशिकची. इथे असं लायसन्स लागत नाही, मग हे सगळं शिकू का?

भारतात परमनंट मेकअपसाठी अमेरिकेतल्या राज्यांसारखी वेगळी लायसन्स परीक्षा नाही, दुकानाचा गुमास्ता काढून लोक कामाला लागतात. पण रक्त नाशिकलाही तेच आहे ना. लस, एकदाच वापरायच्या सुया, शार्प्सचा डबा, क्लायंटचा फॉर्म, एवढं तरी आजपासून कराच. नंतर परदेशी जायचं झालं तर अभ्यास अर्धा झालेला असेल.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून, काम सगळं येतं पण इंग्रजी प्रश्न वाचून गोंधळ होतो.

आधी उत्तर मराठीत मोठ्याने समजावून सांगा, घरात कुणालाही, मुलाला सांगा, आणि मग इंग्रजी शब्द त्यावर चिकटवा. प्रश्नात चार शब्द शोधायची सवय लावा: फर्स्ट, बेस्ट, एक्सेप्ट (म्हणजे 'सोडून'), नॉट. उदाहरणार्थ, "क्लायंटला चक्कर आली, तुम्ही फर्स्ट काय कराल?" पर्यायांत पाणी देणं आहे, नवऱ्याला फोन करणं आहे, फॉर्ममध्ये नोंद आहे आणि काम थांबवून सुई बाजूला ठेवणं आहे. चारही गोष्टी आपण करूच, म्हणून गोंधळतो. पण फर्स्ट म्हटलंय, तर आधी सुई बाजूला.