सायकल शर्यतीत दुसऱ्या संघातल्या मित्राने आपल्या सायकलचं चाक दिलं म्हणून रिची पोर्ट या सायकलपटूला दोन मिनिटांची शिक्षा झाली. हा न्याय म्हणायचा का?

नियम बरोबर होता, शिक्षा फार जड होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रसंग २०१५ च्या जिरो द'इटालिया या इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीच्या दहाव्या टप्प्यातला. टप्प्याचा शेवट असलेल्या फोर्लीला पोचायला थोडेच किलोमीटर उरले असताना स्काय संघाच्या पोर्टचं चाक पंक्चर झालं. ओरिका ग्रीनएज संघाच्या सायमन क्लार्कने थांबून आपलं चाक काढून त्याला दिलं. दोघेही ऑस्ट्रेलियन आणि मित्र. पोर्ट तेव्हा एकूण क्रमवारीत तिसरा, आघाडीपासून अवघे २२ सेकंद मागे. पंक्चरने ४७ सेकंद गेले, त्यावर पंचांनी दोन मिनिटं लावली आणि तो ३ मिनिटं ९ सेकंद मागे पडला. क्लार्कलाही तेवढीच शिक्षा झाली.

नियम असा आहे: खाणं, पाणी, पाना अशा किरकोळ वस्तू कोणीही कोणालाही देऊ शकतो. चाक किंवा अख्खी सायकल मात्र फक्त आपल्याच संघातल्याला. हा फरक मला पटतो. रस्त्यावरच्या शर्यतीत पुढचा वारा कापतो आणि मागच्याची बरीच ताकद वाचते. त्यामुळे प्रतिस्पर्धीही आळीपाळीने पुढे येऊन एकमेकांना ओढतात, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही, कारण प्रत्येक जण स्वतःच्या फायद्यासाठीच घाम गाळत असतो. चाक देणारा स्वतःची शर्यत सोडून देतो. तीन आठवड्यांच्या शर्यतीत असा त्याग संघाबाहेर चालू दिला, तर पैसेवाला संघ छोट्या संघांतले खेळाडू गुपचूप आपल्या दिमतीला ठेवेल, आणि ते सिद्ध करणं महाकठीण.

पण फोर्लीत असा सौदा नव्हता. जे झालं ते हजारो लोकांसमोर, उघड. तरी शिक्षांच्या तक्त्यात लिहिलेली शिक्षा जशीच्या तशी लावली गेली. हेच पंक्चर शेवटच्या तीन किलोमीटरच्या आत झालं असतं, तर पोर्टला त्याच्या घोळक्याचीच वेळ मिळाली असती आणि एक सेकंदही गेला नसता!

पुढच्याच वर्षी, १४ जुलै २०१६ ला, टूर द फ्रान्समध्ये मोंत व्हाँतू या डोंगराच्या चढावर प्रेक्षकांच्या गर्दीमुळे शर्यतीतली मोटरसायकल अडली आणि पोर्ट, बाउके मोलेमा, ख्रिस फ्रूम हे सायकलपटू तिच्यावर आदळले. फ्रूमची सायकल मोडली आणि तो एकूण आघाडीवर असलेल्याच्या पिवळ्या जर्सीत चक्क सायकलविना चढावर धावत सुटला. घड्याळाप्रमाणे जर्सी प्रतिस्पर्धी अॅडम येट्सकडे गेली असती. पंचांनी फ्रूम आणि पोर्टला लवकर सावरून पुढे गेलेल्या मोलेमाची वेळ दिली, कारण अडथळा शर्यतीबाहेरचा होता. नियमावर बोट ठेवून फ्रूमला शिक्षा करा म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. माझ्या मते पंचांनी योग्य केलं. येट्सनेही अशा रीतीने जर्सी नको होती असंच सांगितलं.

पंक्चर हा शर्यतीचाच भाग असतो, त्यामुळे पोर्टचे ४७ सेकंद परत द्यावेत असं मी म्हणणार नाही. पण संघाची गाडी येईपर्यंत त्याला जितकं थांबावं लागलं असतं, तेवढीच वेळ शिक्षा म्हणून वाढवायला हवी होती, आणि मित्रासाठी थांबलेल्या क्लार्कला निव्वळ पैशांचा दंड पुरेसा होता.