अनुमस्तिष्क, निमस्तिष्क की लहान मेंदू?

प्रश्न असा आहे: रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिताना 'सेरेबेलम'ला अनुमस्तिष्क म्हणावं, निमस्तिष्क की सरळ लहान मेंदू? आणि 'तो हालचालींवर नियंत्रण ठेवतो' हे वाक्य बरोबर आहे का?

पत्रकात लहान मेंदूच लिहा. हा शब्द बाळबोध वाटतो म्हणून लोक कचरतात, पण लॅटिन नावही तेवढंच बाळबोध आहे. 'सेरेब्रम' म्हणजे मेंदू आणि 'सेरेबेलम' हे त्याचं लघुत्वदर्शक रूप, जसं आपल्याकडे पेटीची पेटुली होते.

अनुमस्तिष्क शाळेच्या पुस्तकांमुळे रुळला आहे आणि तो चांगला घडवलेला शब्द आहे. त्यातला 'अनु' हा अनुज, अनुचर, अनुयायी यांतला, म्हणजे मागून येणारा. डोक्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या मेंदूच्या खाली बसलेल्या भागाला तो शोभतो. अडचण एकच: पुष्कळ जण तो 'अणुमस्तिष्क' असा ऐकतात आणि लिहितात, मग अर्थच पालटतो. निमस्तिष्क मराठी विश्वकोशात भेटतो. त्यातला 'नि' मी 'निपात'मधल्यासारखा, खाली या अर्थाचा घेतो. पण निम्मा, नीमहकीम या शब्दांना सरावलेल्या कानाला तो 'अर्धा मेंदू' वाटतो. घाबरलेल्या नातेवाइकाच्या हाती असा शब्द देऊ नये.

'लहान' हे मात्र आकारापुरतंच खरं. वजनाने तो अख्ख्या मेंदूच्या साधारण दहावा हिस्सा, पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत. त्याचा पृष्ठभाग बारीक, एकमेकींना लागून असलेल्या घड्यांचा आहे, म्हणून एवढ्या पेशी तिथे मावतात. उभा छेद घेतला की आतला पांढरा भाग फांद्याफांद्यांच्या झाडासारखा दिसतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला 'जीवनवृक्ष' या अर्थाचं लॅटिन नाव दिलं, ते मला फार आवडतं.

आता 'नियंत्रण'. हा शब्द मी बदलेन. नियंत्रण म्हटलं की हुकूम सोडणारा कुणीतरी डोळ्यांपुढे येतो. हालचालीचा हुकूम मोठ्या मेंदूतून निघतो. लहान मेंदू त्या हुकुमाची प्रत आणि स्नायू-सांध्यांकडून, कानातल्या तोलाच्या इंद्रियाकडून येणारी खबर ताडून पाहतो आणि चूक जागच्या जागी सुधारतो. फ्रान्सच्या फ्लुराँ या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८२४च्या सुमारास कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. पक्षी पाहत होते, ऐकत होते, हलतही होते, पण त्यांना नीट चालता किंवा उडता येत नव्हतं.

आमच्या काकांना मेंदूच्या मागच्या भागात रक्तस्राव झाला तेव्हा हे मी घरात पाहिलं. उजव्या हाताची पकड घट्ट होती, पण चहाचा कप ओठांजवळ नेऊ लागले की हात अधिकच थरथरायचा आणि चहा डचमळायचा. काकू म्हणाली, "हातात जोर आहे रे, पण हाताचा अंदाज गेलाय." डॉक्टर अशा रुग्णाला स्वतःच्या नाकाला आणि मग समोरच्या बोटाला बोट लावायला सांगतात, तळहात भराभर उताणा-पालथा करायला लावतात. ते हा अंदाज आणि हा मेळच तपासत असतात. इजा लहान मेंदूच्या उजव्या बाजूला असेल, तर त्रासही शरीराच्या उजव्या बाजूलाच होतो. मोठ्या मेंदूचं याच्या उलट असतं. हे पत्रकात जरूर लिहा, कारण घरचे लोक इथे हमखास गोंधळतात.

म्हणून वाक्य असं करा: 'लहान मेंदू हालचालींचा मेळ बसवतो आणि शरीराचा तोल सांभाळतो. त्याला इजा झाली तर हातपाय लुळे पडत नाहीत, पण त्यांचा अंदाज चुकतो, माणूस भेलकांडत चालतो आणि बोलणं अडखळतं.' 'समन्वय' चुकीचा नाही, पण 'मेळ' आजीलाही कळतो.

सराव आणि शिकण्याबद्दल एखादं वाक्य घालणार असाल, तर 'अंगवळणी पडणे' वापरा. सायकल चालवणं असो की पोळी लाटणं, सुरुवातीला जिथे तिथे लक्ष द्यावं लागतं आणि पुढे हात आपोआप चालतो. ही सफाई येण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे.