वाचकांचे प्रश्न : उच्चायुक्त, महावाणिज्यदूत आणि पोलिसांची वेस

प्रश्न : आमच्या शिरोळ तालुक्यातले ज्ञानेश्वर मुळे मालदीवमध्ये उच्चायुक्त होते, नंतर न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत. मग त्यांना राजदूत म्हणायचे की नाही? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : मालदीवपुरते खुशाल म्हणा. उच्चायुक्त म्हणजे राजदूतच. राष्ट्रकुलातल्या, म्हणजे मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या गटातल्या, देशांनी एकमेकांकडे पाठवला की नाव बदलते, इतकेच. मालदीव २०१६ साली राष्ट्रकुलातून बाहेर पडला तेव्हा राजधानी मालेतल्या आपल्या उच्चायुक्ताचा राजदूत झाला आणि २०२० साली मालदीव परतल्यावर पुन्हा उच्चायुक्त.

महावाणिज्यदूताची गोष्ट वेगळी. नावात वाणिज्य असले तरी कचेरीतला दिवस जातो पासपोर्ट, व्हिसा, मुखत्यारपत्रावरचे शिक्के, तुरुंगात अडकलेला माणूस आणि पार्थिव मायदेशी पाठवण्याची कागदपत्रे यांत. राजदूताचे नाव आधी गुपचूप यजमान देशाला कळवावे लागते. होकार आला तरच नेमणूक जाहीर होते आणि नकार आला तर कारण विचारायची सोय नाही. मग राष्ट्रपतींच्या सहीचे परिचयपत्र तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हाती द्यायचे. महावाणिज्यदूताकडे असे परिचयपत्र नसते. त्याला यजमान सरकारची मान्यता पुरते.

खरा फरक कळतो तो अडचणीत. राजदूताला अटक करता येत नाही. वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला संरक्षण मुख्यतः कचेरीच्या कामापुरते असते. डिसेंबर २०१३ मध्ये, मुळे महावाणिज्यदूत असताना, त्यांच्याच कचेरीतल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली ती याच फटीतून. भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या कायमस्वरूपी प्रतिनिधी कार्यालयात केली, कारण तिथे पूर्ण संरक्षण मिळते. जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

प्रश्न : मालदीवचे माजी अध्यक्ष नशीद आपल्या उच्चायुक्तालयात जाऊन बसले होते. अटकेचा हुकूम असूनही पोलीस आत का आले नाहीत? दूतावास भारताची भूमी असते म्हणून का?

उत्तर : हा गैरसमज शाळेपासून चालत आला आहे. जमीन यजमान देशाचीच राहते. मात्र १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम २२ प्रमाणे दूतावासप्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या माणसाला उंबरठा ओलांडता येत नाही. १३ ते २३ फेब्रुवारी २०१३ या काळात नशीद आत होते आणि उच्चायुक्त होते मुळे. या करारात आश्रय देण्याचा हक्क मात्र कुठेच लिहिलेला नाही. त्यामुळे पाहुणा आत सुरक्षित असला, तरी त्याला बाहेर काढायचा मार्ग वाटाघाटींतूनच शोधावा लागतो.

प्रश्न : अशा अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर लगेच खासगी कंपनीत जाता येते का?

उत्तर : पहिले वर्षभर सरकारच्या परवानगीशिवाय नाही. सरकारी नेमणुकीला ही आडकाठी नसते. मुळे २०१९ साली परराष्ट्र मंत्रालयातून निवृत्त झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे सदस्य झाले.