सिस्ट दिसली म्हणून लगेच चाकू नको

प्रिय डॉक्टर,

मुलीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ओव्हरीत (अंडाशयात) ‘सिस्ट’, म्हणजे पाण्याची गाठ, दिसली की आई-वडिलांचा धीर सुटतो आणि नव्या सर्जनचे हात शिवशिवतात. ते आवर. आधी सिस्ट साधी आहे का ते बघ: भिंत पातळ, आत नुसतं पाणी, पडदे नाहीत, घट्ट भाग नाही. पाळी सुरू झालेल्या मुलीत ३ सेंटिमीटरपर्यंतची अशी पोकळी बहुधा त्या महिन्याचं फॉलिकलच (अंडं वाढवणारी पिशवी) असतं. त्याहून मोठी, पण न दुखणारी असेल तर ६ ते ८ आठवड्यांनी, पाळी संपल्या संपल्या, पुन्हा सोनोग्राफी कर. बहुतेक जिरतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी असलेली सिस्ट लवकर जात नाही, नव्या व्हायचं प्रमाण तेवढं घटतं.

सोनोग्राफी पोटावरून, मूत्राशय भरलेलं असताना. शंका आली तर लघवी करवून पुन्हा बघ. कधी कधी ‘सिस्ट’ म्हणजे मूत्राशयच निघतं.

खरी घाई ओव्हरीला पीळ पडल्यावर. अचानक कळ, सोबत उलट्या, कळ मध्येच ओसरते आणि परत येते. डॉप्लरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) प्रवाह दिसला म्हणून निर्धास्त राहू नकोस. ओव्हरीला दोन धमन्यांकडून रक्त मिळतं, त्यामुळे पीळ असूनही प्रवाह दिसू शकतो. दुर्बिणीतून ओव्हरी सुजलेली, काळीनिळी दिसली तरी पीळ सोडव आणि ती जागीच ठेव. रंगावरून ती मेली असं ठरवता येत नाही. सुजलेल्या ओव्हरीतून सिस्ट सोलायला गेलास तर चांगला भागही फाटतो; ते काम सूज उतरल्यावर, तोवर सिस्ट उरली असेल तर.

घट्ट भाग असेल किंवा गाठ ८ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर ऑपरेशनआधी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या पाठव. त्याच प्रकारच्या एकट्या सीए-१२५ चाचणीवर विसंबू नकोस, तो पाळीतही वाढतो. अशा गाठीत सुई घालायची नाही. कॅन्सर असेल तर पेशी पोटात सांडतात.

पाच-सहा वर्षांच्या मुलीला स्तनवाढ किंवा रक्तस्राव असेल तर कातडीवरचे तपकिरी डाग शोध आणि टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) कर. थायरॉइड फार कमी असेल तर दोन्ही बाजूंच्या मोठाल्या सिस्ट नुसत्या थायरॉक्सिनने आटतात. हे न बघता पोट उघडलेलं असतं, तेव्हा फार वाईट वाटतं.

मोठ्या मुलीशी थोडा वेळ एकटीशी बोल, गरोदरपणाची चाचणी विसरू नकोस. घरी पाठवताना आईला स्पष्ट सांग: एकदम कळ आणि उलटी झाली तर वेदनाशामक देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.