आरशाची कड धुरकट राहते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे : दुर्बिणीसाठी १५० मिमी व्यासाचा, १२०० मिमी नाभीय अंतराचा, म्हणजे एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा हाताने घासला आहे. सिरियम ऑक्साइडने पाच तास पॉलिश झालं, मधला भाग लख्ख आहे, पण कडेला बोटभर रुंदीचा धुरकट पट्टा जात नाही. अजून पॉलिश करायचं की पावडर बदलायची? शिवाय, एफ/८ असेल तर पॅराबोला (कडेकडे किंचित सपाट होत जाणारी वक्रता) न करता आरसा गोलीयच, म्हणजे चेंडूच्या पृष्ठभागाच्या तुकड्यासारखा, ठेवून चालेल का?

आधी पॉलिश थांबवा. पावडर बदलून काही होणार नाही. पॉलिश तासाभरात जेवढी काच काढतं ती मायक्रॉनमध्येच (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजावी लागते. कडेला राहिलेले खड्डे त्याहून खोल असतील तर ते आधीच्या पावडरचं अर्धवट राहिलेलं काम आहे, आणि ते त्या पावडरकडे परत जाऊनच पुरं होतं.

तरीही परत जाण्याआधी पट्टा कशाचा आहे ते पाहा. धुरकटपणा दोन प्रकारचा असतो आणि दोघांचा इलाज वेगळा आहे. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग घ्या. आरसा उभा धरा, मागून दिव्याचा उजेड तिरपा पडू द्या आणि भिंग मध्यापासून कडेकडे सावकाश सरकवा. पट्ट्यात सगळीकडे एकसारखा बारीक करडेपणा दिसला, वेगळा उठून दिसणारा एकही ठिपका नसला, तर शेवटच्या पावडरपर्यंतचं काम नीट झालेलं आहे. फक्त पिच (पॉलिशसाठी टूलवर ओतलेला डांबरासारखा थर) कडेला टेकत नाही. पण एरवी चकचकीत झालेल्या काचेत सुटे सुटे काळे ठिपके विखुरलेले दिसले, तर ते जाड पावडरचे खड्डे आहेत. ८० नंबरच्या कार्बोरंडमचा (काच घासायची पावडर, नंबर मोठा तितका कण बारीक) कण सुमारे ०.२ मिमीचा, २२० चा सुमारे ०.०६ मिमीचा असतो. भिंगाशिवाय नुसत्या डोळ्यांना ठिपका दिसत असेल तर तो बहुधा ८० किंवा १२० चा आहे.

पाच तासांनंतरही पट्टा इतका ठळक असेल तर बहुतेक वेळा हा दुसराच प्रकार निघतो. ८० नंबरने खोलगट भाग काढताना आरसा वर ठेवून त्याचा मध्य टूलच्या (ज्यावर आरसा घासतात त्या गोल तबकडीच्या) कडेजवळून फिरवतात. त्यामुळे मध्य भराभर खोल होतो आणि वक्रता कडेपर्यंत सगळ्यात शेवटी पोचते. खोली हवी तेवढी आली की माणूस खूश होऊन १२० वर जातो. पण कडेचे शेवटचे १० मिमी अजून गोलात आलेले नसतात, म्हणून पुढच्या पावडरी तिथे वरवर फिरतात आणि ८० चे खड्डे तसेच राहतात. तुमच्या आरशाची खोली सुमारे १.१७ मिमी हवी (त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट, म्हणजे ५६२५ भागिले ४८००; वक्रता त्रिज्या नाभीय अंतराच्या दुप्पट, २४०० मिमी). ती मध्यावर मोजली जाते. कडेबद्दल ती काहीच सांगत नाही.

ठिपके डोळ्यांना दिसत असतील तर २२० वर परत जा. फक्त भिंगातच दिसत असतील तर ५०० पुरे. टूलवर पिच ओतलेली असेल तर टूल गार होऊ द्या. थंडीत पिच ठिसूळ होते आणि लाकडी पट्टी लावून ठोकली की कपच्या निघतात. उरलेली टर्पेंटाइनने पुसा. पिचसाठी वेगळं टूल केलं असतं तर ही खटपट वाचली असती. पुढच्या आरशाला प्लास्टरवर इपॉक्सीने चिनी मातीच्या फरशीचे तुकडे चिकटवलेलं घासायचं टूल आणि पिचचं टूल अशी दोन करा. प्लास्टरला सगळीकडून इपॉक्सीचा हात द्या, नाहीतर ते पाणी पितं आणि कण सोडतं.

घासायला बसण्याआधी आरशाच्या काठाचा चँफर, म्हणजे काठाची तिरपी घासलेली पट्टी, पाहा. ४५ अंशांत किमान २ मिमी हवा. घासता घासता तो झिजून धारदार होतो आणि काठाच्या कपच्या उडतात. अशी एक कपची आरसा आणि टूलच्या मध्ये सापडली की लांबलचक ओरखडा नक्की. पाण्यात भिजवलेल्या धार लावायच्या दगडाने, दगड बाहेरच्या दिशेला नेत, चँफर पुन्हा करा.

आता एक फेरी म्हणजे काय ते ठरवून घेऊ. पाव चमचा पावडर, तेवढंच पाणी, स्ट्रोक (वरची काच पुढेमागे सरकवणं) व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याचा. सुरुवातीचा करकरीत आवाज मऊ पडला आणि चिखल करडा झाला की फेरी संपली. एका फेरीत आरसा वर, पुढच्या फेरीत टूल वर. वर असलेल्याचा मध्य जास्त झिजतो, खाली असलेल्याची कड. आलटूनपालटून केलं तर नाभीय अंतर जागच्या जागी राहतं आणि कडेलाही पुरेसं काम मिळतं. दर सहा-सात स्ट्रोकना वरची काच थोडी एका दिशेने फिरवा आणि तुम्ही टेबलाभोवती उलट दिशेने सरका. हे टाळलं की आरसा एका व्यासात वेगळा आणि दुसऱ्यात वेगळा होतो. तो दोष पॉलिशमध्ये निघत नाही.

वक्रता कडेपर्यंत पोचली का, हे पेन्सिलीने कळतं. कोरड्या आरशावर मऊ पेन्सिलीने मध्यातून कडेपर्यंत आठ-दहा रेघा ओढा, पाणी आणि अगदी थोडी पावडर घेऊन मिनिटभर घासा, धुऊन बघा. रेघा सगळीकडे सारख्या फिकट झाल्या तर आरसा आणि टूल पूर्ण टेकतात. कडेला रेघ काळीच राहिली तर तिथे पावडर पोचतच नाही. आणखी फेऱ्या द्या आणि पुन्हा तपासा. ही चाचणी पास झाल्यावर कडेजवळचे सगळ्यात मोठे तीन-चार खड्डे भिंगाने शोधा आणि काचेच्या मागच्या बाजूला मार्करने त्यांच्याभोवती गोल करा. दर दोन फेऱ्यांनी तेच खड्डे पाहा. ते गेले की आणखी दोन फेऱ्या द्या आणि मगच पुढची पावडर घ्या. ५०० नंतर अॅल्युमिनियम ऑक्साइड १२ मायक्रॉन, मग ५ मायक्रॉन. बारीक पावडरीत घड्याळ लावून काम करू नका, खड्डे बघून करा.

प्रत्येक पावडर बदलताना बादली, कपडा, खालचा कागद सगळं बदला. फरशीच्या तुकड्यांमधले खाचे आणि चँफर ब्रशने धुवा, नखंही घासा. चिखल मोरीत ओतू नका. तो पाइपात बसतो आणि निघत नाही. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी टाका, गाळ वेगळा फेका. पावडर कायम ओली ठेवा, कोरडी उडू देऊ नका. ५ मायक्रॉनला पाणी संपलं की काचा एकमेकींना चिकटतात. मध्ये पाचर घालून उचकटू नका, काठ तुटेल. दोन्ही कोमट पाण्यात भिजू द्या, मग वरच्या काचेच्या बाजूला लाकडी ठोकळा लावून हलकेच टोले देत सरकवा.

आता पिच. भिंगात पहिला प्रकार दिसला असेल तर वरचं सगळं सोडून थेट इथून सुरू करा. पिच मंद आचेवर, पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डब्यात वितळवा. टर्पेंटाइन घालत असाल तर उघडी ज्योत जवळ नको, वाफ पेट घेते. गार झालेल्या तुकड्यावर अंगठ्याचं नख काही सेकंद दाबल्यावर खूण उमटली पाहिजे. लगेच रुतलं तर पिच मऊ आहे, थोडा वेळ आणखी तापवा. नुसता तडा गेला तर कडक आहे, थेंब थेंब टर्पेंटाइन घाला. कोमट केलेल्या टूलवर कागदी पट्टीचा बांध घालून ५ ते ६ मिमी थर ओता आणि घट्ट होऊ लागली की साबणाच्या पाण्याने भिजवलेला कोमट आरसा वर दाबा. खाचे सुमारे २५ मिमीच्या चौकोनांचे काढा, पण चौकोनाचा मध्य टूलच्या मध्यावर येऊ देऊ नका. आला तर आरशावर गोल वळं पडतं.

दर वेळी काम सुरू करण्याआधी आरसा पिचवर सिरियमच्या पातळ मिश्रणात ठेवून वर पाचेक किलो वजन देऊन वीस मिनिटं बसू द्या. तुमच्या वर्णनावरून ही पायरी सुटत असावी असं वाटतं. रात्रभर पडलेली पिच आपला आकार सोडते. दुसऱ्या दिवशी तशीच वापरली की मधला भाग टेकतो, कड अधांतरी राहते. आरसा उचलल्यावर पिचवरचा ओला थर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. पॉलिश करताना हात आरशाच्या मध्यावर ठेवा, कडेला दाब देऊ नका. मऊ पिच, लांब स्ट्रोक आणि कडेवरचा दाब, या तिन्हींनी कड खाली झुकते. झुकलेली कड सरळ करायला बाकी सगळ्या आरशाची काच उतरवावी लागते.

पॉलिश पुरं झालं का, हे लेझर पॉइंटरने पाहा. अंधारात किरण तिरपा टाका, परावर्तित किरणाच्या वाटेत डोळा येऊ देऊ नका. मध्यावर आणि कडेला पुढच्या पृष्ठभागावरचा ठिपका सारखाच मंद, जवळजवळ नाहीसा, दिसला पाहिजे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : १५० मिमी एफ/८ आरसा अगदी बिनचूक गोल असला तरी येणाऱ्या प्रकाशलहरीत पाव लहरीच्या (लहर म्हणजे प्रकाशाची एक तरंगलांबी) किंचित वर चूक राहते. पाव लहर ही जेमतेम चालणारी मर्यादा आहे आणि हाताने केलेल्या आरशात कडेचा थोडा दोष त्यात भर घालतोच. हाच व्यास एफ/१० असता तर चूक निम्मी झाली असती आणि मी गोलच ठेवा म्हटलं असतं. एफ/८ ला थोडा पॅराबोला करा, पण आकड्यांच्या मागे लागू नका. लागणाऱ्या दुरुस्तीतली निम्मी जरी झाली तरी चूक एक-अष्टमांश लहरीच्या आसपास येते आणि ग्रह छान दिसतात.

मोजायला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिओं फूकोची १८५८ ची चाकूधार चाचणी पुरते. आरशापासून २४०० मिमीवर एलईडीची बारीक फट आणि तिच्याशेजारी ब्लेड, दोन्ही एकाच सरकत्या पाटावर. आरसा गोल असेल तर ब्लेड आत येताच सगळा आरसा एकदम करडा होतो. पॅराबोलाला मध्यापेक्षा कडेचं वाचन मागे सरकतं : मध्यापासून २५ मिमीवर ०.१३ मिमी, ५० मिमीवर ०.५२, ७० मिमीवर १.०२. दिवा जागच्या जागी ठेवून फक्त ब्लेड सरकवत असाल तर हे आकडे दुप्पट होतात. इथे अनेकांची गफलत होते आणि आरसा दुप्पट खोदला जातो.

चाचणीत काच स्थिर तापमानाला हवी. आरसा चाचणीच्या स्टँडवर असताना त्यावर बोट अर्धा मिनिट टेकवा आणि लगेच ब्लेडमागून पाहा : बोटाच्या जागी उंचवटा फुगलेला दिसतो आणि काही मिनिटांत हळूहळू विरतो. साध्या काचेत तो बोरोसिलिकेटपेक्षा (उष्णतेने कमी फुगणाऱ्या काचेपेक्षा) मोठा दिसतो, कारण ती जवळपास तिप्पट प्रसरण पावते. पॉलिश करताना तळहाताची ऊब तर मिनिटंच्या मिनिटं लागत असते. म्हणून पॅराबोलासाठी आरसा वर ठेवून, बाजूला ४०-५० मिमी बाहेर काढणारा डब्ल्यू आकाराचा स्ट्रोक फक्त पाच मिनिटं द्या, आरसा स्टँडवर ठेवा, साधी काच असेल तर तासभर थांबा आणि मग वाचन घ्या. गरम आरशाचं वाचन पाहून पुढचा स्ट्रोक ठरवू नका.

लेप देण्याआधी नुसत्या काचेवर दुर्बीण जोडून एखादा ठळक तारा बघून घ्या. काच सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते, त्याला तेवढा पुरतो. फोकसच्या आत आणि बाहेर ताऱ्याची तबकडी गोल असली पाहिजे. ती एका बाजूला आडवी आणि दुसऱ्या बाजूला उभी लांबट दिसली, तर आरसा त्याच्या बैठकीत ९० अंश फिरवून पुन्हा पाहा. लांबटपणा आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत आहे आणि अॅल्युमिनियमचा लेप देण्याआधी आरसा परत टूलवर न्यायचा आहे.