जुन्या ऑटोपायलटचे बारीक भाग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : अमेरिकेत माझ्याकडे १९६७ सालचे मूनी एम२०एफ विमान आहे. त्यातली ब्रिटन (Brittain) या कंपनीची 'पीसी' यंत्रणा, म्हणजे पंख समतल ठेवणारी, आता जोर धरत नाही. व्हॅक्यूमचा काटाही पूर्वीपेक्षा खाली असतो. मेकॅनिक म्हणतात सर्व्हो बदला, पण नवे सर्व्हो कुठे मिळेनात.

उत्तर : सर्व्होच्या शोधाला लागण्याआधी गळती कुठे आहे ते पक्के करा. ही यंत्रणा इंजिनावरच्या पंपाने ओढलेल्या हवेवर चालते. टर्न कोऑर्डिनेटरमधला (वळण दाखवणाऱ्या उपकरणातला) तिरका बसवलेला जायरो, म्हणजे वेगाने फिरणारे चाक, विमान कलताच एक झडप फिरवतो आणि एका बाजूच्या सर्व्होकडे जास्त ओढ जाते. सर्व्हो म्हणजे एक डबा आणि त्यावर रबरी भाता. हवा ओढली की भाता मिटतो आणि तार खेचतो. दोन सर्व्हो एलेरॉनला (पंखामागची हलती पट्टी), दोन रडरला (शेपटीवरचे सुकाणू). त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. बिघडते ते रबर.

पहिली पायरी : इंजिन बंद असताना पीसीकडे जाणारी शाखा मुख्य व्हॅक्यूम नळीपासून सोडा आणि उघड्या तोंडाला घट्ट टोपी लावा. मग इंजिन चालवून काटा पाहा. तो ठरलेल्या हद्दीत आला (हद्द विमानाच्या पुस्तिकेत असते, बहुधा ४.५ ते ५.२ इंच पारा), तर गळती पीसीच्या शाखेत आहे. तरीही खालीच राहिला, तर दोष पंपात, रेग्युलेटरमध्ये (ओढ ठरावीक ठेवणारी झडप) किंवा मुख्य नळ्यांत. रेग्युलेटरवरची फोमची गाळणी दर १०० तासांनी बदलायची असते आणि बहुतेक विमानांत तिच्याकडे कोणी बघतच नाही.

दुसरी पायरी : मोटारीच्या ब्रेकच्या कामाला वापरतात तो हाताने चालवायचा, काटा असलेला व्हॅक्यूम पंप घ्या. एकेका सर्व्होची नळी सोडून पंप थेट सर्व्होला जोडा, ५ इंचांपर्यंत ओढा आणि थांबा. काटा जागीच राहिला तर तो भाता ठीक आहे. झरझर उतरला तर तोच गुन्हेगार. चारही सर्व्हो टिकले, तर नळ्यांची टोके आणि योकवरच्या (पायलटच्या हातातल्या चाकावरच्या) बटणाकडे जाणारी नळी पाहा; ते बटण दाबले की पीसी ढिली पडते. ती नळी योकबरोबर सतत वळत असते, म्हणून वळणावर चिरते. बटणाच्या झडपेतले रबर कडक झाले असेल तर बटण न दाबताही बाहेरची हवा आत येत राहते आणि चारही सर्व्हो एकदम ढिले पडतात.

इथे साबणाचे पाणी लावू नका. ओढीच्या गळतीत हवा आत जाते, बुडबुडा येतच नाही, आणि पाणी मात्र नळीत शिरते. भाता विमानातून काढून अंधारात त्याच्या आत छोटा दिवा धरा आणि घड्या बोटांनी ताणा. टाचणीच्या टोकाएवढी भोके चमकतात, आणि ती जवळजवळ नेहमी घडीच्या आतल्या कडेला असतात. कारखान्यातली दाबाची हवा या नळ्यांत अजिबात सोडू नका. भाता फाटतो आणि जायरोही जातो.

प्रश्न : मग भात्याला सिलिकॉन लावून चालेल का? की नवा बनवून घ्यावा?

उत्तर : सिलिकॉनचा लेप दोष तिथेच होता एवढे सिद्ध करायला पुरतो, उडायला नाही. घडी शेकडो वेळा दुमडली की तो सुटतो. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते धातूला गंजवते.

नवा भाता बनवता येतो, आणि कायदाही वाट देतो. अमेरिकी विमानवाहतूक नियमांतील कलम २१.९ मध्ये मालकाने स्वतःच्या विमानासाठी बनवलेल्या भागाला सूट आहे. त्यासाठी हातांनी साचा ओतायची गरज नाही, पण निर्मितीत मालकाचा खरा वाटा हवा : मोजमापे व आराखडा देणे, साहित्य देणे, बनवण्याची पद्धत ठरवून देणे, तपासणीची रीत देणे किंवा काम स्वतःच्या देखरेखीखाली करून घेणे. यांतले एक पुरते. पण भाग मूळ मंजूर रचनेशी जुळलाच पाहिजे, तो मेकॅनिकने पारखून लॉगबुकात नोंदवला पाहिजे, आणि जास्तीचे भाते बनवून विकता येत नाहीत.

मोजमाप घेताना चारांतला सर्वांत कमी खराब भाता निवडा. घड्यांची संख्या व खोली, दोन्ही तोंडांचे व्यास आणि भिंतीची जाडी (पाच-सहा ठिकाणी) लिहून ठेवा. जाडीवर सगळे अवलंबून आहे. ४.५ इंच पारा म्हणजे चौरस इंचाला जेमतेम २.२ पौंड. भात्याचा परिणामकारक व्यास समजा २.५ इंच असेल, तर एकूण ओढ सुमारे ११ पौंड. भक्कम व्हावा म्हणून रबर जाड केले, तर यातली बरीच ताकद भाता मिटण्यातच जाते आणि एलेरॉनपर्यंत काही पोचत नाही. लोक नेमके हेच करतात आणि मग म्हणतात, नवा भाता टाकूनही फरक नाही.

प्रश्न : १९७० च्या दशकातल्या पायपर चेरोकीतला विजेवरचा ऑटोपायलट चालू केला की विमान डावे-उजवे डुलत राहते. सर्व्होची मोटार बदलावी का?

उत्तर : लगेच नको. आधी सर्व्होच्या ढोलापासून (मोटार फिरवते ते तार गुंडाळणारे चाक) एलेरॉनच्या मुख्य तारेपर्यंत जाणारी छोटी तार पाहा. ती सैल असेल तर मोटार आधी नुसता ढिलेपणा गोळा करते, मग झटक्याने खेचते. तोवर विमान पलीकडे गेलेले असते. ताण हाताच्या अंदाजाने नव्हे, ताणमापकाने आणि पुस्तिकेतल्या आकड्यावर. त्यानंतर जोडण्या : प्रत्येक प्लग काढून, पिना साफ करून परत बसवणे. यानेच बरेच ऑटोपायलट शहाणे होतात.

मोटार उघडलीच, तर कार्बन ब्रशची लांबी आणि स्प्रिंगचा जोर पाहा. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा फिरता भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घासणे अटळ असेल तर बारीक काचकागद घ्या, एमरी कागद कधीच नको. एमरीचे कण वीज वाहतात आणि खाचांत अडकून राहतात. ब्रश 'बसतो' म्हणून कुठल्याही मोटारीचा घालू नका, कार्बन कठीण निघाला तर तांब्यावर चर पडतात.

जायरो आणि अ‍ॅम्प्लिफायर मात्र उघडू नका. अमेरिकेत परवानाधारक मेकॅनिकलाही उपकरणांची दुरुस्ती करता येत नाही, ती मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राचीच. केंद्राला इतके जरूर सांगा की जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असण्याची शक्यता मोठी आहे, ते आधी मोजावेत.

प्रश्न : मोडीत काढलेल्या विमानाचा सर्व्हो विकत घेताना काय बघावे?

उत्तर : भागाचा क्रमांक पूर्ण मागा, शेवटच्या डॅशनंतरच्या आकड्यासकट. बाहेरून जुळे दिसणारे दोन सर्व्हो एक १४ व्होल्टचा, दुसरा २८ व्होल्टचा निघतो. डॅशपुढचा आकडा बदलला की ढोलाचा व्यास किंवा घसरत्या क्लचची सेटिंगही बदलू शकते, आणि पायलटला हाताने ऑटोपायलटवर मात करता येते ती याच क्लचमुळे. विक्रेत्याकडून पाटीचा, प्लगच्या पिनांचा आणि दातेरी दांड्याचा फोटो घ्या. विमान का मोडीत निघाले तेही विचारा. पुरात बुडालेल्या विमानातले विजेचे काहीही नको. पिवळी चिठ्ठी (भाग वापरण्याजोगा असल्याची) असेल तर ती कोणी, कशाच्या तपासणीनंतर दिली ते वाचा.

प्रश्न : मी नाशिकला विमान देखभालीचे शिक्षण घेतो. भारतात नोंदलेल्या विमानाला असा मालकाने बनवलेला भाग चालतो का?

उत्तर : कलम २१.९ ची ती सूट अमेरिकी नियमांतली आहे, व्हीटी (म्हणजे भारतीय) नोंदणीच्या विमानाला तिचा आधार घेता येत नाही. इथे डीजीसीएचे (नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे) नियम लागू. भागासोबत सीए फॉर्म १ (भाग वापरण्याजोगा असल्याचे प्रमाणपत्र) किंवा डीजीसीएला मान्य असलेले परदेशी प्रमाणपत्र लागते, उदाहरणार्थ अमेरिकी विमानवाहतूक प्रशासनाचे (एफएए) ८१३०-३.

प्रश्न : दुरुस्तीनंतर पहिली चाचणी कशी घ्यावी?

उत्तर : जमिनीवर ऑटोपायलट चालू करून योक दोन्ही टोकांपर्यंत हाताने फिरवा, तो जोर लावल्यावर फिरलाच पाहिजे, कुठेही अडकता कामा नये. बंद करायची प्रत्येक वाट वेगळी तपासा : बटण, स्विच, सर्किट ब्रेकर. उड्डाण दिवसा, स्वच्छ हवेत, जमिनीपासून किमान ३००० फुटांवर. आधी हाताने ट्रिम करा (हात न लावता विमान सरळ राहील असे जुळवा), मग चालू करा, हात योकवरून काढू नका. १० अंश डावीकडे कलवून जोर सोडा, मग उजवीकडे, आणि समतल व्हायला दोन्हीकडे किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. एका बाजूने परत यायला जास्त वेळ लागला, तर विरुद्ध बाजूला खेचणारा सर्व्हो आणि त्याची नळी पुन्हा हातपंपावर लावा.