‘रॉ डील’चा ६० पत्त्यांचा डेक कसा बांधावा? सगळे मोठे डाव भरूनही मी का हरतो?

तुम्ही लिहिलंय की मामेभावाकडून ‘रॉ डील’ या डब्ल्यूडब्ल्यूई कुस्तीवरच्या खेळाच्या जुन्या पत्त्यांचा डबा मिळालाय, तुम्ही स्टोन कोल्ड हा मल्ल (खेळाच्या भाषेत सुपरस्टार) घेऊन त्यातले सगळ्यात जास्त डॅमेजचे डाव डेकमध्ये भरलेत आणि थोरला भाऊ केन घेऊन दर वेळी तुम्हाला चितपट करतोय. मीही सांगलीचाच. विश्रामबागेत आमचा चार-पाच जणांचा कट्टा अजून हा खेळ खेळतो, त्यामुळे प्रश्न वाचून फार बरं वाटलं. कॉमिक इमेजेसने २००० साली काढलेला हा खेळ आता दुकानात मिळत नाही. तुमच्याकडे डबा आलाय तर तो नीट खेळला जावा असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या डेकचं दुखणं तुमच्याच वाक्यात आहे: ‘सगळे मोठे डाव’. या खेळात वेगळे पॉइंट नसतात, तुमचा डेक हाच तुमचा दम असतो. समोरच्याचा ५ डॅमेजचा डाव लागला की तुमच्या डेकवरचे ५ पत्ते एकेक करून उलटायचे आणि रिंगसाइडच्या ढिगात टाकायचे. उलटायला पत्ता उरला नाही की पिन, म्हणजे तुम्ही हरलात. पण उलटताना त्या डावाला चालणारी तोड, म्हणजे रिव्हर्सल, वर आली तर डाव तिथेच मोडतो आणि समोरच्याची पाळी संपते. आपण हिंदकेसरी मारुती माने यांच्या जिल्ह्यातली माणसं, डावाला तोड लागते हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. तरी पत्ते हातात आले की सगळे धोबीपछाडच गोळा करत बसतात.

म्हणून डेक बांधायला तोडीपासून बसा. ‘स्टेप असाइड’ स्ट्राइकला (फटक्याच्या डावाला) मोडतो, ‘एस्केप मूव्ह’ ग्रॅपलला (पकडीच्या डावाला), ‘ब्रेक द होल्ड’ सबमिशनला (शरण आणणाऱ्या डावाला). ‘एल्बो टू द फेस’ ७ किंवा त्याहून कमी डॅमेजच्या कुठल्याही डावाला चालतो. ‘मॅनेजर इंटरफिअर्स’ कुठल्याही डावाला चालतो, पण त्याला फॉर्टिट्यूड (सामन्यात जमवलेलं बळ, पुढे सांगतो) बराच लागतो. ‘नो चान्स इन हेल’ समोरच्याचं अ‍ॅक्शन कार्ड अडवतो. एका नावाचे जास्तीत जास्त ३ पत्ते ठेवता येतात (‘युनिक’ लिहिलेला एकच, आणि ‘सेट-अप’ लिहिलेल्याला ही मर्यादा नाही). हे सहाही प्रत्येकी ३ घेतले तर १८ झाले. साठातले १८ तोडीवर घालवायचे हे वाचून पोटात गोळा येईल, पण हा हिशोब बघा.

पूर्ण ६० चा डेक धरा आणि समोरून ५ डॅमेजचा स्ट्राइक आला असं समजा. तुमच्या डेकमध्ये त्याला चालणारे फक्त ३ पत्ते असतील तर उलटताना त्यातला एखादा वर येण्याची शक्यता साधारण २३ टक्के. तेच ९ असतील तर ५७ टक्के. वर सांगितलेल्या अठरांत स्ट्राइकला चालणारे नऊच आहेत: स्टेप असाइड, एल्बो आणि मॅनेजर. म्हणजे हातात काहीही नसताना, निव्वळ डेकच्या बांधणीवर (मॅनेजरपुरता फॉर्टिट्यूड जमलेला असला की), निम्म्याहून जास्त वेळा समोरच्याचा डाव अर्ध्यात मोडतो. परवाच आमच्याकडे एकाने अंडरटेकर घेऊन ८ डॅमेजचा ग्रॅपल टाकला. पहिले दोन पत्ते उलटले, गेले. तिसरा ‘एस्केप मूव्ह’ निघाला. आठाचे तीनच लागले आणि त्याच्या हातात पुढचे दोन ग्रॅपल तसेच राहिले. पाळीत कितीही पत्ते टाकायची मुभा असते, त्यामुळे तोड लागली की त्या एका डावाबरोबर त्याच्यामागे रचून ठेवलेलं सगळंच थांबतं.

आता फॉर्टिट्यूड. तुमच्या रिंगमध्ये पडलेल्या पत्त्यांच्या डॅमेजची बेरीज म्हणजे तुमचा फॉर्टिट्यूड. तो खर्च होत नाही, फक्त तेवढा जमलेला असावा लागतो. सामना सुरू होताना तो शून्य असतो, म्हणजे तुमचा पहिला पत्ता शून्याचाच, म्हणजे शून्य फॉर्टिट्यूड मागणाराच, असावा लागतो. तुमच्या स्टोन कोल्डच्या हातात सुरुवातीला ७ पत्ते येतात, आणि ते सातही मोठे निघाले तर तुम्ही नुसते बघत बसणार. शिवाय तोडीलाही हाच नियम आहे. डेकमधून ‘मॅनेजर इंटरफिअर्स’ उलटला पण तुमचा फॉर्टिट्यूड कमी असेल, तर तो इतर पत्त्यांसारखाच रिंगसाइडला जातो. म्हणजे छोटे डाव टाकून बेरीज वाढवली नाही तर तुमची तोडसुद्धा कागदावरच राहते. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही आणि मला तर सगळ्या खेळात हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

शून्याचे किती ठेवायचे हे सुपरस्टारवर ठरवा. मॅनकाइंड घेतला तर सुरुवातीचा हात फक्त २ पत्त्यांचा, आणि दर पाळीला २ ओढायचे. पहिल्या पाळीत तुमच्यासमोर ४ पत्ते असतात. शून्याचे डाव १२ असतील तर त्या चारांत एखादा असण्याची शक्यता ६० टक्के, २० असतील तर ८१. तिथे २० च्या खाली जाऊ नका. ट्रिपल एचचा हात १० पत्त्यांचा, त्याला कमी चालतात. पण दहा पत्ते हातात घेतले म्हणजे डेकमध्ये ५० च उरले, हे लोक विसरतात. मॅनकाइंडकडे ५८ असतात, आणि त्याला बसणारं प्रत्येक डॅमेज एकाने कमी होतं. जास्त पत्ते ओढून देणारी कार्डं सगळ्यांना आवडतात, पण ओढलेला प्रत्येक पत्ता तुमच्याच दमातून जातो, एवढं ध्यानात ठेवून ती घ्या.

तुमच्या स्टोन कोल्डसाठी मी अशी मांडणी करीन: १८ तोडी, १८ शून्याचे डाव, १३ मधले, ५ मोठे, उरलेले ६ अ‍ॅक्शन. शून्याच्या डावांत ‘चॉप’ आवर्जून घ्या. तो स्ट्राइक म्हणून टाकता येतो, आणि गरज नसेल तर टाकून देऊन त्या जागी एक पत्ता ओढता येतो, त्यामुळे तो हातात कधी कुजत नाही. अ‍ॅक्शनमध्ये ‘जॉकीइंग फॉर पोझिशन’ आधी. तो टाकून पुढच्या ग्रॅपलला ४ डॅमेज वाढवता येतं किंवा समोरच्याच्या तोडीला ८ फॉर्टिट्यूड जास्त लागेल असं करता येतं. फिनिशर (सामना संपवणारा मोठा डाव) टाकायच्या आधी दुसरा पर्याय घ्या. तुमचा डेक स्ट्राइकवर असेल तर ‘आयरिश व्हिप’, त्याने पुढचा स्ट्राइक ५ ने वाढतो. दोन्हीकडे पाय ठेवू नका. स्ट्राइक आणि ग्रॅपल अर्धे-अर्धे केले की जॉकीइंगही वाया आणि व्हिपही वाया. हील (खलनायक) आणि फेस (नायक) लिहिलेले पत्ते एका डेकमध्ये चालत नाहीत, तेही एकदा तपासून घ्या. जुन्या डब्यात ते हमखास मिसळलेले असतात.

मोठे डाव पाचच का, हे तुम्ही विचारणारच. मोठा डाव हातात आला तरी सामना अर्ध्यावर जाईपर्यंत तो टाकता येत नाही, आणि डेकमधून उलटला तर तो नुसता एक गेलेला पत्ता. छोटा डाव उलटला तरी तोच तोटा, पण हातात आला तर त्याच पाळीला कामाला लागतो.

राहिला केन. त्याची ताकद अशी की त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तुमच्या डेकवरचा एक पत्ता रिंगसाइडला जातो. हा डाव नव्हे, त्यामुळे त्याला तोड नाही. आठ पाळ्यांत आठ पत्ते, म्हणजे एक दणकट डाव त्याला फुकट मिळतो. स्टोन कोल्ड घेऊन याच्याशी खेळायचं तर सामना लांबवू नका, मधले डाव लवकर टाकून बेरीज चढवा. ज्याची सुपरस्टार व्हॅल्यू जास्त त्याची पाळी आधी; स्टोन कोल्डची ५ आणि केनची २, म्हणजे पहिली पाळी तुमचीच असते, तिचा फायदा घ्या. स्टोन कोल्डला पाळीत एकदा एक पत्ता ओढून हातातला एक डेकच्या तळाशी ठेवता येतो, त्यात डेकची संख्या तेवढीच राहते. ते दर पाळीला करा आणि मोठे डाव तळाशी सारा.

डब्यात रॉक निघाला तर मात्र केनसमोर तोच घ्या. पाळीच्या सुरुवातीला रॉकला रिंगसाइडचा एक पत्ता डेकच्या तळाशी परत ठेवता येतो. केन एक नेतो, रॉक एक आणतो, हिशोब जिथल्या तिथे. त्याचा हात ५ चाच आहे, म्हणून शून्याचे डाव १८ वरून २० करा आणि मधल्यांतले दोन काढा. परत ठेवताना ‘मॅनेजर इंटरफिअर्स’ला पहिली पसंती द्या. तळाचे पत्ते शेवटी उलटतात, आणि तोवर ते वापरण्याइतका फॉर्टिट्यूड तुमच्याकडे जमलेला असतो.